हिवाळा वैरी नाही, ऊब मात्र जपा

"कधी एकदाची ही थंडी सरते!" हे वस्तीत दर हिवाळ्यात ऐकू येते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला तसे वाटणारच. लाट आली की मराठवाड्यात पारा १० अंशांखाली जातो. पत्रा रात्री लवकर गार पडतो, जमिनीतून गारवा अंगात चढतो. मंठा, घनसावंगीकडून ऊसतोडीला गेलेले आपले लोक तर कोपीत झोपतात आणि पहाटे दवातच फडात उतरतात.

पण आपले मोठे दिवसही हिवाळ्यातच येतात. ६ डिसेंबर, २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारीचे भीमा कोरेगाव, ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती आणि १४ जानेवारीचा नामविस्तार दिन. शेतात हुरडा, बाजारात पेरू, बोरे, आवळे. अंग उबदार राहिले तर हाच ऋतू सगळ्यांत गोड लागेल.

तथागतांनी केलेली पारख

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. वैशालीत कडाक्याच्या थंडीत भगवान बुद्ध रात्री उघड्यावर बसले. अंगावर एकच चीवर होते. पहिला प्रहर सरताना थंडी वाजली, तेव्हा दुसरे घेतले. मधला प्रहर सरताना तिसरे, पहाटे चौथे. त्यावरून त्यांनी भिक्खूंना तीन चीवरांची अनुज्ञा दिली आणि त्यातली संघाटी दुपदरी ठेवली. स्वतः अनुभव घेऊन नियम केला. थंडी सोसण्यात त्यांनी मोठेपणा मानला नाही.

आपणही तेच करू. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे घाला. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. सगळी पांघरुणे अंगावर घेऊ नका, एक वाकळ खाली अंथरा. तिच्याखाली कोरडे पोते किंवा पुठ्ठा टाका. कान आणि पाय झाका.

तान्हे बाळ

जन्मल्यावर निदान २४ तास अंघोळ घालू नका. टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या आणि अंगावर पाजत राहा. बाळाचे पाय गार आणि पोट गरम असेल तर त्याला थंडी वाजते आहे. पोटही गार लागले, बाळ दूध ओढेना, तर छातीशी धरूनच दवाखान्यात न्या.

खोकणाऱ्या लेकराचा श्वास तो शांत असताना पूर्ण मिनीटभर मोजा. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरला, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. घरगुती काढ्यावर रात्र काढू नका.

शेगडी आणि दारू

बंद घरात कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातला विस्तव ठेवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मग शुद्ध जाते. शेकताना दार थोडे उघडे ठेवा, झोपण्याआधी विस्तव बाहेर न्या. त्रास झाल्यास माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

दारूने ऊब येत नाही. कातडीकडचे रक्त वाढून गरम वाटते, पण अंगातली उष्णता बाहेर जाते. पाचवे शील इथे जीव वाचवते.

वडीलधारी माणसे

थंडीत रक्तदाब वाढतो. गोळ्या चुकवू नका. चैत्यभूमीला जातानाही पिशवीत ठेवा. उठताना आधी थोडे बसा, मग उभे राहा. तहान नसली तरी पाणी प्या. बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे खा आणि उन्हात बसा.

वस्तीने करायचे काम

या रविवारी वंदनेनंतर विहारात एवढेच विचारा: आपल्या वस्तीत उघड्या जमिनीवर कोण झोपते? जुन्या साड्या गोळा करून त्या घरासाठी वाकळ शिवा. ज्यांचे घर कच्चे आहे, त्यांचा रमाई आवास योजनेचा अर्ज भरा. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेत किंवा नगरपरिषदेत विचारा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. वाकळ या हिवाळ्यापुरती आहे, पक्के घर पुढच्या सगळ्या हिवाळ्यांसाठी.