जुनी साखळी-करवत : आधी ओळखा, मग दुरुस्त करा



जून २०२० मधील 'निसर्ग' वादळाने रायगड-रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळाने वसईपासून दक्षिण गुजरातपर्यंत आंब्याची झाडे आडवी केली. पडलेले झाड दारातून, विहिरीवरून, वाटेवरून हलवायचे तर कुऱ्हाड पुरत नाही. मग कोणीतरी माळ्यावरचे जुने कटर काढतो, तर कोणी भंगारवाल्याकडून वजनावर घेऊन येतो. इच्छापोर आणि हजिरा रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांतही अशी मशीने दिसू लागली आहेत. त्यांविषयी आम्हांला वारंवार विचारणा होते, म्हणून या वेळी शेती व आरोग्य या दोन्ही अंगांनी हा विषय घेतला आहे.

थोडी पूर्वपीठिका

दातेरी साखळीची करवत प्रथम लाकडासाठी नव्हे, तर हाडासाठी झाली, हे वाचून नवल वाटेल. बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने १८३० च्या सुमारास हाताने फिरवायची अशी करवत शस्त्रक्रियेसाठी बनविली. लाकडासाठी तिचे यंत्र झाले ते विसाव्या शतकात. जर्मनीत आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत काढली. ती इतकी जड होती की दोन माणसे लागत. आज आपण वापरतो त्या चेनचे दात अमेरिकेतील जोसेफ कॉक्स यांनी १९४६ च्या सुमारास शोधले. लाकूड पोखरणारी अळी डावीकडे-उजवीकडे जबडे चालवीत खोडात कशी शिरते, हे त्यांनी निरखून पाहिले आणि तशाच रीतीने चेनचे दात आळीपाळीने डावे-उजवे बसविले. शेतकऱ्याचा शत्रू असलेल्या किड्याने अशी एक विद्या शिकविली.

मशीनची ओळख

मशीन हाती आले की लगेच दोरी ओढू नये. आधी ओल्या फडक्याने व ब्रशाने तेलकट भुसा काढावा. मग कंपनीची पाटी आणि इंजिनाच्या अंगावर ठोकलेला क्रमांक शोधून कागदावर उतरवून घ्यावा. सुटे भाग मागताना मशीनच्या रंगापेक्षा हा क्रमांक कामाला येतो. कार्ब्युरेटरवर टिलॉटसन किंवा वॉलब्रो असे नाव आणि नंबर कोरलेला असतो, तोही लिहून घ्यावा. आतल्या डायफ्रॅमचा संच त्याच नंबरावर मिळतो.

पाटी गेली असेल तर अंगावरच्या खुणांवरून वयाचा अंदाज येतो. इंजिन आणि चेन यांच्या मध्ये गिअर असेल, तर मशीन फार जुने. स्टिल कंपनीने १९५९ मध्ये 'कॉन्ट्रा' हे बिनगिअरचे मशीन काढले आणि तेथून पुढे हीच रीत रूढ झाली. चेनला तेल देण्यासाठी अंगठ्याने दाबायचे बटण तेवढे असेल, तर तेही जुनेपणाचे लक्षण. फ्लायव्हीलखाली मोटारसायकलसारखे पॉइंट आणि कंडेन्सर असतील, तर मशीन इलेक्ट्रॉनिक ठिणगीच्या आधीच्या घडणीचे. मात्र केवळ नावावर विसंबू नये. चालणाऱ्या नावांच्या नकली प्रती बाजारात पुष्कळ आहेत आणि त्यांचे भाग मूळ मशीनला नीट बसतीलच असे नाही.

दुरुस्तीपूर्वीचा निर्णय

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. जुने इंजिन पुन्हा सुरू करणे हे अर्धेच काम होय. ते मशीन माणसाच्या हाती देण्याजोगे आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा.

चालत्या चेनच्या पट्टीचे टोक, विशेषतः टोकाची वरची बाजू, लाकडाला टेकली की करवत क्षणात उसळून चालविणाऱ्याच्या तोंडावर किंवा मानेवर येते. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडते, हात सावरायला वेळ मिळत नाही. यासाठी पुढच्या दांडीसमोर ढालीसारखा पत्रा असतो. मनगट त्यावर आदळले की ब्रेक लागतो आणि चेन थांबते. हुस्क्वार्ना कंपनीने आपोआप लागणारा असा ब्रेक १९७३ मध्ये आणला. त्याआधीच्या पुष्कळ मशीनांत ब्रेक मुळीच नाही.

म्हणून पाच गोष्टी तपासाव्या : पुढची ढाल व चेन-ब्रेक, तुटलेली चेन अडविणारा खालचा आकडा, मागच्या हाताचे संरक्षण, चुकून रेस दाबली जाऊ नये म्हणून असलेली पकड, आणि दांड्या व इंजिन यांच्या मधले रबर. पाचही असतील व चालत असतील, तर मशीनवर खुशाल खर्च करावा. ब्रेक नसेल तर ते मशीन आजोबांची आठवण म्हणून जपावे, साफ करावे, वर्षातून एकदा सुरूही करावे. पण पडलेल्या झाडावर नेऊ नये आणि गड्याच्या हाती तर मुळीच देऊ नये. आपल्या मालकीचे हत्यार दुसऱ्याला चालवायला देणे ही आपली जबाबदारी आहे.

मशीन सुरू होत नसेल तर

इंजिनाला तीन गोष्टी हव्यात : दाब, ठिणगी आणि पेट्रोल. याच क्रमाने पाहावे.

दाब : स्विच बंद करून सुरू करायच्या दोरीने मशीन जमिनीपासून जरासे वर धरावे. ते झटके देत सावकाश उतरले तर दाब ठीक. सरकन खाली आले तर रिंगा किंवा पिस्टन गेले समजा. सायलेन्सर सोडून आतल्या भोकातून पिस्टन पाहावा. उभे ओरखडे असतील तर कोणीतरी ऑईल न मिसळता नुसत्या पेट्रोलवर मशीन चालविले आहे. इंजिन जाम असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑईलचे थोडे थेंब सोडून रात्रभर ठेवावे. स्क्रू-ड्रायव्हर अडकवून फ्लायव्हील फिरवू नये, पाती तुटतात.

ठिणगी : प्लग काढून त्याची फट सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवावी. पेट्रोलपासून दूर, प्लगचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवून दोरी ओढावी. ठिणगी नसेल तर आधी स्विचची वायर सोडून पाहावी, कारण पुष्कळदा दोष तेथेच असतो. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट द्यावी. कॉइल आणि फ्लायव्हील यांमध्ये जाड व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढे अंतर बरोबर.

पेट्रोल : टाकीतील जुने पेट्रोल ओतून टाकावे. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम खराब करते. म्हणून नळी, टाकीतील गाळणी आणि डायफ्रॅम नवेच घालावे. डायफ्रॅम कडक होऊन कागदासारखा वाजत असेल तर तो निकामी होय. कार्ब्युरेटरचे दोन्ही स्क्रू हलके बसवून एक-एक फेरा उघडावे, ही सुरुवातीची जागा. पुढचे जुळविणे जाणत्याकडून करून घ्यावे.

साधे टू-स्ट्रोक ऑईल असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मि.ली. मिसळावे. ५० ला १ या प्रमाणासाठी मुद्दाम बनविलेले ऑईल आणि तसे सांगणारे मशीन असेल तरच २० मि.ली. लागेल तेवढेच मिश्रण करावे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी.

नेहमीच्या तक्रारी

- थोडा वेळ चालून बंद पडते : टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक भोक बुजले आहे. झाकण सैल केल्यावर चालले तर दोष नक्की तोच.
- तिरके केल्यावर बंद पडते : टाकीतील नळीला चीर आहे.
- गरम झाल्यावर ठिणगी जाते : कॉइल किंवा कंडेन्सर बदलावे.
- रेस सोडली तरी चेन फिरत राहते : मंद गती जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे. हा दोष काढल्याशिवाय काम करू नये.
- प्लग ओला व काळा : पेट्रोल जास्त किंवा हवेची गाळणी बुजलेली. प्लग पांढरा : कोठूनतरी हवा शिरते आहे, मशीन थांबवावे, नाहीतर पिस्टन जाईल.
- जाड किस न पडता पिठासारखा भुसा पडतो : चेन बोथट झाली आहे.
- काप एका बाजूला वळतो : एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लहान घासले गेले आहेत.
- चेनमधून धूर येतो : तेल पोहोचत नाही. पट्टीचे टोक कोऱ्या कागदासमोर धरून रेस द्यावी. तेलाची रेघ उमटली पाहिजे.

धार लावताना चेनच्या मापाची गोल कानस घ्यावी, प्रत्येक दाताला सारखेच घास द्यावे आणि हातमोजे घालावे.

शरीराची काळजी

रबर नसलेल्या जुन्या मशीनची थरथर बोटांतील रक्तवाहिन्या व नसा बिघडविते. आधी मुंग्या येतात, मग थंडीच्या सकाळी बोटे पांढरी पडतात, पुढे बटण लावणेही कठीण होते. उशीर झाल्यास हा विकार पुरता बरा होत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मशीन बंद करून हातांना विसावा द्यावा, मूठ फार आवळू नये, विडी-सिगारेट टाळावी आणि बोटे पांढरी दिसताच डॉक्टरांकडे जावे.

या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कान झाकावे. डोळ्यांना चष्मा, पायांत भक्कम बूट हवेत. लुंगी, सैल धोतर किंवा ओढणी नको. बंद खोलीत इंजिन चालवू नये, त्याचा धूर विषारी असतो. खांद्यापेक्षा उंच करवत धरू नये, शिडीवर चढून चालवू नये, एकट्याने जाऊ नये. वाकलेल्या फांदीत ताण असतो, कापताच ती फटकारते. झाडाखाली विजेची तार असेल तर वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावे. उभे झाड तोडायचे असेल तर ते आपले असले तरी परवानगीची चौकशी आधी करावी.

जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, पुन्हापुन्हा उघडून पाहू नये आणि १०८ ला फोन करावा. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. हळद, चुना, कॉफी काहीही भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन डॉक्टरांना विचारून घ्यावे.

शेवटी

प्रेषित शिमोन यांच्या चित्रांत त्यांच्या हाती पुष्कळदा करवत दिसते. ती परंपरेने त्यांच्या रक्तसाक्षित्वाची खूण मानली जाते. पवित्र शास्त्रही हत्यारांविषयी मौन बाळगत नाही. बोथट हत्याराला धार न लावणाऱ्याला अधिक जोर लावावा लागतो आणि लाकडे फोडणाऱ्याला त्यापासूनच धोका असतो, असे उपदेशक ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. लाकूड तोडताना दांड्यातून निसटलेल्या कुऱ्हाडीच्या पात्याने शेजारी मेला तर काय करावे, याचा विचार अनुवाद ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात केलेला आहे. हजारो वर्षांपूर्वीही सैल हत्यार ही शेजाऱ्याच्या जिवाची बाब होती.

तेव्हा पावसाळ्यापूर्वी माळ्यावरचे मशीन खाली काढा आणि त्या पाच गोष्टी तपासा. एखाद्या घरी ब्रेक असलेले चांगले मशीन असेल तर पाच घरांनी मिळून ते जपावे, आणि चालवायला शिकलेला एकच जाणता माणूस ठरवावा. मशीनचे सुटे भाग बाजारात मिळतात. माणसाच्या हाताचे मिळत नाहीत.