सरळ धावणारं तिरकं चाक

रत्नागिरीजवळ हातखंब्याला हायवेवर चढलेली गाडी स्टेअरिंगवरची पकड सैल केली तरी नाकासमोर जाते, म्हणून मालक निर्धास्त असतो. मग कधीतरी पंक्चर निघतं, चाक उतरवलं जातं आणि बाहेरून कोऱ्यासारख्या दिसणाऱ्या टायरच्या आतल्या कडेला तारा दिसू लागलेल्या असतात. टायरवाल्याचं निदान दोन शब्दांचं: "आतून खाल्लाय." गाडी खाली घेतलेली असेल, म्हणजे आखूड स्प्रिंगा टाकून चार-पाच सेंटीमीटर बसवलेली असेल, तर हे तो चाक उतरवायच्या आधीच सांगतो.

सरळ जाणाऱ्या गाडीचा टायर तिरका कसा झिजतो? गंमत अशी की चाकं सरळ असतात म्हणून गाडी सरळ जाते असं नाही. डावं चाक जेवढं डावीकडे ओढतं तेवढंच उजवं उजवीकडे ओढतं, म्हणून ती सरळ जाते. स्टेअरिंगला या भांडणाचा पत्ताही नसतो. भुर्दंड टायर भरतो.

चाकांची तोंडं पुढून आत वळलेली की बाहेर, याला टो म्हणतात. समजा, १४ इंची रिमचं एक पुढचं चाक अर्धा अंश बाहेर वळलं आहे. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फरक पडला तीन मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्याला तो कळायचा नाही. छोट्या गाडीच्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग हाताच्या पंजाएवढा, लांबीला साधारण १२ सेंटीमीटर. तेवढ्या प्रवासात रबराचा प्रत्येक ठोकळा रस्त्याला धरून राहू पाहतो आणि चाक त्याला बाजूला खेचत असतं. टेकल्यापासून सुटेपर्यंत तो सुमारे एक मिलिमीटर ताणला जातो आणि सुटता सुटता डांबरावर खरवडत जागेवर येतो. एकच मिलिमीटर! पण हे चाक किलोमीटरला साडेपाचशेच्या आसपास फेरे घेतं. रत्नागिरी ते मुंबई ३४० किलोमीटर धरले, तर एका खेपेत त्याच ठोकळ्याच्या नशिबी १ लाख ८० हजारांहून अधिक वेळा हे खरवडणं येतं. दुसऱ्या बाजूने हिशोब मांडला तर मुंबईला पोचेपर्यंत ते चाक जवळजवळ तीन किलोमीटर आडवं फरपटलेलं असतं, आणि आत बसलेल्या कोणालाही काही जाणवलेलं नसतं.

हाताला मात्र हे कळतं. गाडी उभी असताना तळवा टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवून पाहावा (तारा निघाल्या असतील तर अर्थातच नको). बाहेरून आत नेताना ठोकळ्यांच्या कडा टोचल्या आणि आतून बाहेर नेताना गुळगुळीत लागल्या, तर चाकं पुढून फाकलेली आहेत. उलट लागलं तर आत वळलेली.

पण नुसतं गाडी खाली घेतल्याने चाकं फाकतात कशी? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्डचे इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाची ही रचना, १९५० मध्ये ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल गाडीत आली. वर बॉडीला अडकवलेला शॉक-स्प्रिंगचा उभा खांब, खाली आडवा लोअर आर्म, आणि चाक वळवायला स्टेअरिंगकडून आलेला टाय रॉड. लोअर आर्म आणि टाय रॉड, दोघांचंही आतलं टोक जागच्या जागी आणि बाहेरचं टोक वर-खाली. म्हणजे दोघंही हवेत वर्तुळाचा एकेक तुकडा काढत असतात. कंपनीने ठरवलेल्या उंचीजवळ हे दोन कंस एकमेकांशी जमवून घेतलेले असतात. बॉडी चार सेंटीमीटर खाली आली की दोघं आपापल्या कंसाच्या अशा भागात जातात, जिथे जुळणी सुटते. बहुतेक गाड्यांत त्याचा परिणाम चाकं पुढून फाकण्यातच होतो. अलाइनमेंटच्या एकाही नटाला कोणी पाना लावलेला नाही, तरी अलाइनमेंट बदललं. गाडीची उंची हाच मुळात एक कोन आहे, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

त्याच वेळी चाकांचे माथेही आत कलतात. हा कॅम्बर. १८५ मिलिमीटर रुंदीचा टायर दीड अंश कलला, तर आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जवळजवळ पाच मिलिमीटर खाली जाऊ पाहते. नव्या टायरच्या खाचा आठेक मिलिमीटर खोल असतात हे लक्षात घेतलं की या पाचाची किंमत कळते. शिवाय कललेलं चाक सरळ जायला नाखूश असतं. टपरीवरचा चहाचा ग्लास टेबलावर आडवा करून ढकला, बुडाकडे निमुळता असल्याने तो गोल वळतो. कललेलं चाक तसंच वळू बघतं. भारतीय रेल्वेच्या चाकांना हा उतार मुद्दाम दिलेला असतो, साधारण २० ला १, आणि त्याच्याच जोरावर कोकण रेल्वेची गाडी वळणावर स्वतःला रुळांच्या मध्ये राखते. मोटारीत मात्र दोन्ही बाजूंचा कल सारखा हवा. डावं चाक जास्त आत कललं, तर गाडी उजवीकडे ओढते.

टायर आतून खाल्ला की बोट कॅम्बरकडेच दाखवलं जातं. माझ्या मते हा बिचाऱ्यावर अन्याय आहे. आंबा घाटात वळण घेताना गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, तेव्हा आत कललेलं बाहेरचं चाक जमिनीवर सपाट बसतं; शर्यतीच्या गाड्यांना कॅम्बर देतात तो यासाठीच. एकटा दीड अंश कॅम्बर टायर हळूहळू झिजवतो. त्याच्या जोडीला टो बिघडला की भार आधीच आतल्या कडेवर असतो आणि खरवडणंही तिथेच होतं. टायर जातो तो या जोडगोळीमुळे.

दुरुस्तीत म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी हवेचा दाब, मग लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड तपासायचे. हे ढिले असतील तर अलाइनमेंट मशीनवरचा आकडा पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो. स्प्रिंगा नव्या असतील तर त्यांना बसायला थोडे दिवस द्यायचे. नंतर कॅम्बर. अनेक गाड्यांत तो बदलायची कंपनीची सोयच नसते. तिथे स्ट्रटच्या बुडाशी मूळ बोल्ट काढून एककेंद्री नसलेला कॅम्बर बोल्ट घालतात, तो फिरवला की चाकाचा माथा आत-बाहेर सरकतो. टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. उलट केलं तर पैसे देऊन टायर पुन्हा खायला सोडला असं समजावं. टाय रॉडचा लॉक नट सैल करून रॉड फिरवताना हात किती हलका लागतो ते बघण्यासारखं असतं: साधारण दीड मिलिमीटरच्या आट्यांवर अर्धा फेरा म्हणजे चाक एक तृतीयांश अंशाच्या आसपास वळलं. मागे बहुतेक छोट्या गाड्यांना सबंध बीम असतो. तिथे फिरवायला काहीच नसतं. फार तर चाकाच्या मुळाशी पातळ शिम घालता येते.

खाल्लेली कड परत येत नाही. पुढच्या पावसाळ्यात मात्र तिचीच गरज असते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि टायरखालचं पाणी बाहेर काढायला खाचा लागतात. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटरची; आतली कड तिच्याखाली गेली तरी बाहेरून टायर धडधाकट दिसतो. कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना आडवं येतं. खाली घेण्याची हौस असणाऱ्यांनी ते आधी वाचावं, आणि स्प्रिंग गॅसने कापून घेणं तर टाळावंच. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते.

पण गाडी कधीच खाली न घेतलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. गणपतीला मुंबईहून पाच माणसं, बॅगा आणि मखराचं सामान भरून निघालेली गाडी, किंवा मे महिन्यात डिकीत हापूसच्या पेट्या रचून परत जाणारी, तेवढ्या प्रवासापुरती खाली घेतलेलीच असते. म्हणून काही कंपन्या अलाइनमेंटचे आकडे देताना टाकीत इंधन किती आणि सीटवर वजन किती हेही ठरवून देतात. अलाइनमेंटला गाडी नेताना डिकी रिकामी करावी ती एवढ्याचसाठी.