श्रीरामपूरच्या डावखुऱ्याचं माप

देवळाली प्रवरात कुठल्याही वेगवान गोलंदाजाचं नाव निघालं, की पुढचं वाक्य झहीर खानचं असतं. श्रीरामपूर शेजारचंच. तिथल्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा भारताकडून खेळला, याचं अप्रूप आमच्या भागात अजून ओसरलेलं नाही. इरफान पठाण आला, ईशांत शर्मा आला, मोहम्मद शमी आला, आता जसप्रीत बुमरा आणि अर्शदीप सिंग आहेत. पंचवीस वर्षांत प्रत्येकाला याच मापाने मोजलं गेलं. आपल्या माणसाचं पारडं थोडं जड धरावं, ही ओढ मलाही आहे. तरीही या काळाकडे मागे वळून पाहताना वाटतं, की झहीरची थोरवी बळींच्या आकड्यात शोधली तर ती हाती लागतच नाही.

वयाच्या सतराव्या वर्षी वडील त्याला मुंबईला घेऊन गेले. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये माजी कसोटीवीर सुधीर नाईक यांनी त्याला हाताशी धरलं. पुढे चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन, मग बडोद्याकडून रणजी. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत त्याने स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडवला. तो चेंडू पाहिलेले लोक अजूनही त्याचं वर्णन हातवारे करून करतात.

पण पहिला झहीर आणि नंतरचा झहीर हे दोन वेगळे गोलंदाज आहेत. २३ मार्च २००३ ला जोहान्सबर्गच्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिस्बेनला पहिल्या डावात पाच बळी घेतले आणि लगेच मांडीच्या स्नायूने दगा दिला. पुढे संघातली जागाही गेली. २००६ चा उन्हाळा त्याने इंग्लंडमध्ये वूस्टरशरकडून काढला. काउंटीचं क्रिकेट म्हणजे एक सामना संपला की दुसऱ्याची तयारी; प्रेक्षक थोडे, हवा दमट, चेंडू हातात सतत. त्या मोसमात ७८ बळी मिळाले. तिथून परतलेल्या झहीरचा रनअप आखूड होता, वेग थोडा उतरला होता आणि डोकं मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी तल्लख झालं होतं. चेंडू दोन्ही हातांनी झाकत धावत यायचं, म्हणजे चकाकी कुठल्या बाजूला आहे हे फलंदाजाला शेवटपर्यंत कळू नये, ही त्याची खासियत झाली. २००७ ला ट्रेंट ब्रिजवर नऊ बळी घेऊन त्याने कसोटी जिंकून दिली. भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली ती २१ वर्षांनी.

मग २ एप्रिल २०११, पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना. वानखेडेची खेळपट्टी त्याच सुधीर नाईकांच्या देखरेखीखाली तयार झालेली. पहिल्या हप्त्यात पाच षटकं, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. पुढे त्याला मारही बसला, पण आठ वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या षटकाचं उत्तर देऊन झालं होतं. स्पर्धेत त्याचे २१ बळी झाले. २०२३ च्या विश्वचषकात शमीने सातच सामन्यांत २४ घेतले आणि एका विश्वचषकातला हा भारतीय विक्रम मागे टाकला.

आकड्यांचं असंच असतं, ते मागे पडतात. कधी फसवतातही. झहीरचे कसोटी बळी ३११, ईशांतचेही नेमके ३११. सरासरीतही फार अंतर नाही. एकाची ३३ च्या जवळ, दुसऱ्याची ३२ च्या. म्हणून दोघे सारखे ठरतात का? ईशांतच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात सोबतीला शमी, उमेश यादव, भुवनेश्वर कुमार आणि बुमरा होते. जवागल श्रीनाथ निवृत्त झाल्यावर झहीरच्या समोरच्या टोकाला दर वर्ष-दोन वर्षांनी नवा चेहरा असायचा. मिड-ऑफला उभं राहून त्या नवख्याला चेंडूगणिक सांगत राहणं, हेही त्याचंच काम. त्याची नोंद धावफलकावर होत नाही. शिवाय घरच्या खेळपट्ट्यांवर फिरकीचं राज्य. त्याचे दोन तृतीयांशाच्या आसपास बळी परदेशातले आहेत.

बुमराशी तुलना केली तर मी आडपडदा ठेवणार नाही. बुमरा श्रेष्ठ आहे. कसोटीत २०० बळी आणि सरासरी वीसच्या आत, असं त्याच्याआधी जगात कुणालाच जमलं नव्हतं. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने एकट्याने ३२ बळी घेतले. पण त्याच दौऱ्यात मेलबर्नला दोन डावांत मिळून त्याला ५३ षटकं टाकावी लागली आणि पुढच्याच सिडनी कसोटीत पाठ धरली. मला तिथे झहीर आठवला. फेब्रुवारी २०१४, वेलिंग्टन, त्याची अखेरची कसोटी. ब्रेंडन मॅकलम त्रिशतक ठोकत होता आणि पस्तिशी गाठलेला झहीर एकाच डावात ५१ षटकं टाकत होता. १७० धावांत पाच बळी. आकडा सुंदर नाही, पण एका गोलंदाजावर संघ किती भार टाकू शकतो आणि तो किती पेलू शकतो, हे त्यातून दिसतं. बुमराला २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात ठरवून पाचपैकी तीनच कसोट्या खेळवल्या. ते शहाणपणाचंच होतं. मोहम्मद सिराजने २३ बळी घेऊन भार उचलला. झहीरला असा सिराज क्वचितच मिळाला.

राहिला अर्शदीप. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत १०० बळी घेणारा तो पहिला भारतीय. २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकण्यात त्याच्या १७ बळींचा मोठा वाटा. डावखुरा म्हणून आमच्याकडे त्याची झहीरशी बरोबरी सर्रास होते. पण चार षटकांच्या कामाची पन्नास षटकांच्या कामाशी सांगड कशी घालणार? झहीरनंतर कसोटीत एकही डावखुरा वेगवान गोलंदाज भारताकडून स्थिरावलेला नाही. २०२५ ला इंग्लंडमध्ये अर्शदीप संघात होता, कसोटी मात्र एकही खेळला नाही. त्याला लाल चेंडू मिळावा, जुना झालेला चेंडू घेऊन चौथ्या दिवशी दुपारी तिसरा हप्ता टाकायला मिळावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यानंतर श्रीरामपूरच्या डावखुऱ्याचं नाव त्याच्या शेजारी घ्यायला माझी काहीच हरकत नाही.