खिडकी मागून घ्या, बरं का!

एस.टी. असो की रेल्वे, खिडकीसाठी आपण रुमाल टाकतो. मग विमानातच संकोच का?

जळगावच्या विमानतळाचं उद्‌घाटन २०१२ साली आपल्याच जिल्ह्याची लेक, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. २०१७ च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेतून मुंबईचं विमान सुरू झालं. मधे खंड पडला, पण २०२४ साली गोवा, हैदराबाद, पुणे नि मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. धुळ्याच्या भगिनींनाही जळगाव गाठता येतं. वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा आधी चौकशी करावी हे उत्तम.

आता एक गोष्ट पाहा. घरात चार तिकिटं निघाली की एक खिडकी मुलाला, दुसरी ‘ह्यांना’, आणि बाई वाटेकडच्या जागेवर पिशव्या सांभाळत! ज्या सासूबाईंनी उभा जन्म वावरात निंदणी-खुरपणी केली, त्यांना तेच वावर वरून बघायला नको का? जागा ठरवतानाच घरात हा विषय काढा. अर्धा प्रवास झाला की जागा बदलून घ्यायलाही हरकत नाही.

कोणती जागा घ्यावी?

जळगावला येणारी लहान विमानं बहुधा पंख्यांची, ‘ए.टी.आर.’ जातीची. त्यांचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं दृश्य झाकलं जात नाही. पंख्याच्या ओळीत मात्र घरघर जास्त. चढायचं दार मागे असतं, म्हणून मागच्या रांगा वयस्क बायकांना सोयीच्या. मुंबईहून पुढे मोठ्या विमानानं जायचं असेल तर गोष्ट उलटी. तिथे पंख खाली असतात, म्हणून अगदी पुढची किंवा अगदी मागची खिडकी मागावी.

‘ए’ म्हणजे डाव्या हाताची खिडकी. उजवीकडचं अक्षर विमानागणिक बदलतं, ते विचारून घ्या.

डावी की उजवी?

विमान नेहमीच सरळ रेषेत जात नाही, तरी साधारण अंदाज असा:

मुंबईला जाताना उजवीकडे गिरणा धरण, सातमाळेचे डोंगर आणि नाशिकचा परिसर. डावीकडे आधी अजिंठ्याचे डोंगर, नि पुढे १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई. येताना बाजू उलट होतात, हे विसरू नका!

हैदराबादला जाताना डावी बाजू घ्या. लोणारचं सरोवर त्याच अंगाला पडतं. उल्केच्या आघातानं झालेलं सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते गोल विवर हवा स्वच्छ असली तर ओळखू येतं.

पुण्याला जातानाही डावीकडे दौलताबाद, औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर) मुलूख येतो, जरा दूरवर.

उन्हाचाही विचार हवा. मुंबईला सकाळी निघालात तर ऊन डावीकडून येतं, म्हणून उजवी खिडकी सुखाची. दुपारनंतर डावी. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, डोंगर हिरवेगार असतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र धुरळ्यानं सगळं पुसट दिसतं. तेव्हाही तापीकाठच्या केळीच्या बागांचे हिरवे चौकोन डोळ्यांत भरतात.

एवढं लक्षात ठेवा

• आवडीची जागा आधी राखायला बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेतात. ते द्यायचे नसतील तर विमानतळावर लवकर पोचा आणि काउंटरवर विचारा. शिल्लक असेल तर मिळते.
• सगळ्याच रांगांना नीट खिडकी नसते, काही ठिकाणी नुसती भिंत येते. ‘समोर काच आहे ना?’ असं स्पष्ट विचारा.
• संकटकालीन दाराजवळची जागा मुलांना, गरोदर बायकांना किंवा वयस्कांना देत नाहीत.
• उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात. लिमलेटची गोळी चघळा, तान्ह्याला अंगावर पाजा.
• खिडकीशी गारवा लागतो. हातपिशवीत पातळ शाल असू द्या.

विमान उठल्यावर पहिली पाच मिनिटं गप्पा नि फोटो बाजूला ठेवा. गाव, नदी, शेत ओळखायची वेळ तीच. त्यानंतर सगळं लहान होत जातं.