ब्रूडरमधील पिलें : दिवसाचा उजेड व रात्रीचा अंधार

शेतीस जोडधंदा म्हणून कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु एक दिवसाचीं पिलें आणून तीं वाढवितांना पहिल्या तीन आठवड्यांतच पुष्कळांचें नुकसान होतें, व त्याचा दोष बहुधा पिलांच्या जातीवर किंवा खाद्यावर टाकला जातो. आमच्या मतें अशा नुकसानीचें एक मोठें कारण दिव्याच्या व्यवस्थेंत असतें. ब्रूडरमधील दिवा पिलांस दोन गोष्टी पुरवितो : ऊब व उजेड. ह्या दोहोंचा हिशेब निरनिराळा ठेवला पाहिजे. ऊब पिलांस अहोरात्र लागते; उजेड अहोरात्र देणें हितावह नाहीं. हें तत्त्व व्यवहारांत कसें आणावें, तें येथें सांगावयाचें आहे.

निसर्गाची रीत

खुडूक कोंबडी पिलांस पंखांखालीं घेते, तेव्हां तेथें ऊब भरपूर असते, पण उजेड मुळींच नसतो. पिलें ऊब घेतात, झोंपतात, बाहेर येऊन दाणे टिपतात व गारठा लागतांच पुन्हां आंत शिरतात. दिवस मावळल्यावर तर तीं सकाळपर्यंत अंधारांतच राहतात. ब्रूडर ही ह्या आईची जागा भरून काढणारी योजना आहे. तेव्हां आईप्रमाणेंच तिनें ऊब द्यावी व रात्रीं अंधारहि द्यावा. अंधारांत पक्ष्याच्या मेंदूंतील पिनिअल ग्रंथि मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य सोडते व त्यायोगें झोंपेस नियमितपणा येतो. मांसासाठीं पाळलेल्या जलद वाढणाऱ्या जातींत अखंड उजेडामुळें पायांचे विकार व आकस्मिक मृत्यु वाढतात, असेंहि आढळून आलें आहे. युरोपीय संघानें २००७ सालीं केलेल्या नियमांत अशा पक्ष्यांस, आणल्यापासून सात दिवसांच्या आंत, चोवीस तासांत निदान ६ तास अंधार व त्यांपैकीं निदान ४ तास सलग अंधार देणें बंधनकारक केलें आहे.

ऊब किती असावी

पहिल्या आठवड्यांत पिलांच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहीट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, इतकी उष्णता असावी. पुढें दर आठवड्यास ५ अंश फॅरनहीट कमी करीत ७० अंशांपर्यंत यावें. साध्या तारेच्या दिव्यांनीं ऊब देणें असेल, तर दर पिलामागें १ ते २ वॉट असें प्रमाण धरण्याचा प्रघात आहे. थंडीच्या दिवसांत वरचें प्रमाण धरावें. थर्मामीटर अवश्य ठेवावा, तथापि पिलांकडे पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. पिलें दिव्याखालीं दाटी करून किंचाळत असतील, तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर जाऊन, पंख सोडून, चोंच उघडी टाकून धापा टाकीत असतील, तर ती अधिक आहे. सर्व एकाच बाजूस सरकलीं असतील, तर समोरून वाऱ्याचा झोत येत आहे असें समजावें. सर्वत्र सारखीं पसरून बसलीं व हलका चिवचिवाट चालू असला, म्हणजे व्यवस्था नीट आहे.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. तारेचा दिवा उजेडापेक्षां उष्णताच अधिक देतो, म्हणून तो ब्रूडरमध्यें चालतो. हल्लीं सर्वत्र मिळणारा एलईडी दिवा उजेड पुष्कळ देतो, पण त्याची ऊब पिलांच्या कामाची नसते. तारेचा दिवा गेल्यावर त्या जागीं एलईडी लावल्यास खोली लखलखीत दिसेल, आणि पिलें गारठून मरतील.

अखंड उजेडाचा धोका

शेजारच्या गांवीं एका बागाइतदारानें १०० पिलें आणून अहोरात्र दिवा चालू ठेवला होता. बाराव्या रात्रीं वीज गेली. जन्मापासून अंधार न पाहिलेलीं तीं पिलें एकाएकीं घाबरलीं व खोलीच्या एका कोपऱ्यांत एकमेकांच्या अंगावर चढलीं. सकाळीं आम्ही समक्ष पाहिलें, तों ढिगाच्या तळाशीं ३१ पिलें गुदमरून मेलेलीं होतीं. त्यांत रोगाचें कांहीं लक्षण नव्हतें व खाद्यहि उत्तम होतें. खेड्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. म्हणून पिलांस अंधाराची संवय आपण होऊन लावणें हाच सुरक्षित मार्ग होय.

उजेडाचें वेळापत्रक

पहिले दोन-तीन दिवस २३ तास उजेड व १ तास अंधार ठेवावा. पिलांस खाद्य व पाणी नजरेनें शोधावें लागतें, म्हणून ह्या दिवसांत जमिनीजवळ वर्तमानपत्र सहज वाचतां येईल इतका उजेड हवा. तो एक तासाचा अंधार संवयीसाठींच असतो. तो वगळूं नये. त्यानंतर दररोज एक-दोन तास अंधार वाढवीत आठवड्याच्या अखेरीस ६ तास सलग अंधार करावा. अंड्यांसाठीं ठेवावयाच्या पिलांस तिसऱ्या आठवड्यापासून सूर्याचा उजेड पुरे होतो.

दिवा एकदम मालवूं नये. आधीं उजेड मंद करावा, म्हणजे दूर फिरणारीं पिलें ऊब असलेल्या जागीं परततात. सायंकाळीं भोंवतालचें कडेंहि थोडें आंत घ्यावें. हें कडें पत्र्याचें किंवा बांबूच्या चटईचें, सुमारें दीड फूट उंच व वाटोळें असावें. वाटोळ्या जागेस कोपरा नसतो, त्यामुळें ढीग होण्याची भीति कमी होते.

अंधारांत ऊब कशी द्यावी

चिनी मातीचा विजेचा हीटर उजेडाशिवाय ऊब देतो व तो सर्वांत सोयीचा. तो नसल्यास कोळशाची शेगडी चालते. मात्र धूर बाहेर जाण्यास वाट ठेवावी, शेगडीभोंवतीं जाळी लावावी व बंद खोलीत ती कदापि ठेवूं नये. निखाऱ्यांचा वायु पिलांस व माणसांसहि घातक आहे. दिवा किंवा हीटर दोरीनें न टांगतां साखळीनें टांगावा. तो तुसावर पडल्यास आग लागते. तांबड्या दिव्यानें पिलें एकमेकांस टोंचण्याचें कमी करतात, हें खरें. परंतु कोंबडीस तांबडा रंग चांगला दिसतो, तेव्हां तांबडा दिवा म्हणजे अंधार असें मानूं नये. वीज गेल्यास उपयोगी पडावा म्हणून बॅटरीचा एक लहान दिवा व गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटांत गुंडाळून तयार ठेवाव्यात.

तलंगांविषयीं दोन शब्द

अंड्यांच्या कोंबड्यांत दिव्याचा परिणाम पुढेंहि चालतो. वाढत्या वयांत दिवस लांबत गेला, तर तलंगा अकालीं अंड्यावर येतात, अंडीं लहान पडतात व अंग बाहेर येण्याची भीति असते. पुण्याकडे डिसेंबरांत दिवस सुमारें ११ तासांचा व जूनमध्यें १३ तासांहून थोडा अधिक असतो. म्हणजे जानेवारींत आणलेलीं पिलें लांबत्या दिवसांत वाढतात, व जुलैंतलीं आखडत्या दिवसांत. नियम असा कीं, वाढीच्या काळांत उजेड वाढवूं नये व अंडीं देण्याच्या काळांत तो कमी करूं नये. १८ ते २० आठवड्यांनंतर दर आठवड्यास अर्धा तास वाढवून एकूण १६ तासांपर्यंत न्यावा. हा जादा उजेड पहांटे द्यावा, म्हणजे सायंकाळीं कोंबड्या आपोआप दांडीवर बसतात.

नोंद ठेवावी

महसूल खात्यांत उमेदीचीं वर्षें गेल्यामुळें आम्हांस नोंदीचें महत्त्व विशेष वाटतें. एका वहींत पांच रकाने आंखावे : तारीख, पिलांचें वय, सकाळ-सायंकाळची उष्णता, उजेडाचे तास व मेलेलीं पिलें. कोणत्या रात्रीं मर झाली व त्या रात्रीं दिव्याची स्थिति काय होती, हें तीन आठवड्यांत स्पष्ट दिसूं लागेल. पुढील खेपेचीं पिलें आणण्यापूर्वीं ती वही एकवार वाचावी. विकत आणलेलें प्रत्येक पिलूं हें शेतकऱ्याचें भांडवल आहे. विजेच्या एका झटक्यानें तें बुडूं नये, इतकी तजवीज त्याच्याच हातीं आहे.