आधी गोणपाट भिजवा

‘करू की नको?’ हा प्रश्न दिसायला लहान, पण तो माणसाची झोप खातो. रात्री पाठ टेकली की एक मन म्हणतं ‘कर’, दुसरं म्हणतं ‘थांब’. सकाळी उठावं, तर प्रश्न उशाशीच बसलेला. तुमचं असं होतं का? होत असेल तर लाजू नका. आम्ही इतकी वर्षं हेडमास्तरच्या खुर्चीत बसून मुलांना शहाणपण शिकवलं, पण डोळे तपासून चष्मा घ्यावा की नाही, हे ठरवायला आम्हांला दोन वर्षं लागली. तोवर पेपरातली अक्षरं मुंग्यांसारखी दिसू लागली होती.

आज एका शेतकऱ्याची हकिकत सांगतो. तो आमचा जुना विद्यार्थी. तीन एकर जमीन, विहीर नाही, सगळी भिस्त पावसावर. २०२३ सालचा मे महिना होता. मागच्या हंगामातलं एक क्विंटल सोयाबीन त्यानं बियाण्यासाठी राखलं होतं. ते पेरावं, की दुकानातून नव्या पिशव्या आणाव्यात? पिशव्या आणायच्या तर पैसे उसने काढावे लागणार. घरचं पेरावं, तर आदल्या वर्षी घरचं बी उगवलंच नव्हतं. दुबार पेरणी करावी लागली होती. त्या वेळचं देणं अजून फिटलं नव्हतं.

तो रोज पारावर जाऊन बसायचा. एक जण म्हणायचा, घरचंच पेर. दुसरा म्हणायचा, दुकानाशिवाय तरणोपाय नाही. जितकी माणसं तितकी मतं. ऐकून ऐकून त्याचा गोंधळ वाढतच गेला.

शेवटी आमच्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

आम्ही म्हटलं, “अरे बाबा, तुझ्या पोत्यातल्या दाण्यात काय आहे, ते मला काय ठाऊक? पारावरच्या लोकांना तरी काय ठाऊक? तू त्या दाण्यालाच का विचारत नाहीस?”

दाण्याला विचारायचं म्हणजे उगवण पाहायची. रीत सोपी आहे. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ बी काढायचं आणि एकत्र करायचं. त्यातले १०० दाणे मोजून घ्यायचे. चांगले चांगले निवडायचे नाहीत, हाताला येतील तसे घ्यायचे. (आमचा विद्यार्थी टपोरे दाणे वेचू लागला होता. परीक्षेतही त्याची हीच खोड होती.) गोणपाट पाण्यात भिजवून पिळायचं, पसरायचं. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या. वरून दुसरं ओलं गोणपाट घालायचं, हलक्या हातानं गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उघडायचं आणि निरोगी कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले, तर बी चांगलं.

सोयाबीनची साल पातळ असते. पोतं आपटलं, थप्पी उंच लावली, तर आतला कोंब दुखावतो. दाणा वरून मात्र तसाच गोंडस दिसतो. म्हणून नुसतं पाहून काही कळत नाही.

सातव्या दिवशी गोणपाट उघडलं ते त्याच्या बायकोनं. सूनबाई त्या हिवाळ्यापासून साक्षरता वर्गाला येत होती. तिनं एकेक ओळ मोजली आणि पाटीवर आकडा मांडला: ६४. नवऱ्यानं पुन्हा मोजलं. तरी ६४च.

आता हिशेब करता आला. ७० दाणे उगवले तर एकरी ३० किलो बी लागतं. त्याखाली जितके दाणे कमी, तितका अर्धा-अर्धा किलो वाढवायचा. सहा कमी, म्हणून तीन किलो जास्त. एकरी ३३ किलो, तीन एकरांना ९९. घरात होतं एक क्विंटल. सूनबाई म्हणाली, “गुरुजी, एक किलो उरतंय!” आकडा ४० आला असता, तर दुकानात जावंच लागलं असतं. पण तेही मग घुटमळत नव्हे, ठरवून.

पाहा, महिनाभर जे सुटलं नाही, ते दोन गोणपाटांनी आठवड्यात सोडवलं. त्याला अक्कल कमी नव्हती, माहिती कमी होती. ती विचार करून मिळणारी नव्हती, हात हलवूनच मिळणारी होती.

जूनमध्ये पुन्हा तेच. एक सर पडली, शेजाऱ्यांनी तिफणी जुंपल्या. याचा जीव खालीवर. पण या वेळी तो आमच्याकडे आला नाही. कुदळ घेऊन शेतात गेला आणि चार ठिकाणी खणलं. ओल चार बोटं, खाली कोरडं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नये, असं कृषी खातं सांगतं ते याचसाठी. तो थांबला. थांबणं हाही निर्णयच, जर खणून पाहून थांबलात तर. त्या वर्षी मान्सून राज्यभर पसरायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. मग चांगला पाऊस झाला, त्यानं पुन्हा खणलं, ओल वीतभर गेलेली दिसली. वापसा येताच त्यानं पेरलं.

एक मात्र बजावतो. हात हलवा म्हणजे कुठंही उडी टाका, असं नव्हे. जमीन विकणं, कर्जाच्या कागदावर सही करणं, मुलीची सोयरीक जुळवणं, ही पावलं मागं घेता येत नाहीत. तिथंही आधी लहान पाऊल टाका. सातबारा काढून वाचा. कागद घरी आणा, दुसऱ्याकडून वाचून घ्या. मुलीला विचारा. यात काही बिघडत नाही, आणि जे कळायचं ते कळतं.

त्याचं पीक कसं आलं, हे तुम्ही विचाराल. बी छान उगवलं. पण तो ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. शेंगा भरल्या नाहीत, उतारा घटला. देणं अर्धंच फिटलं. मात्र दुकानाचं नवं देणं डोक्यावर चढलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही त्यांच्या दारावरून चाललो होतो. ओट्यावर ओलं गोणपाट पसरलेलं, सूनबाई त्यावर हरभऱ्याचे दाणे मांडत होती. आम्ही हाक मारली, तशी ती हात हलवून म्हणाली, “थांबा गुरुजी, सातवी ओळ चाललीय, चुकेल!”