जुन्या जीपचे चार्जिंग: आळ बॅटरीवर, दोष तारेत

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपमध्ये बॅटरीचे मुख्य काम सेल्फ फिरवण्याचे. इंजिन सुरू झाले की दिवे, हॉर्न, वायपर यांना वीज देतो तो अल्टरनेटर, आणि बॅटरीची झीजही तोच भरून काढतो. तरी सकाळी सेल्फ लागला नाही की आळ बॅटरीवरच येतो. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, हे खरेच. पण मूळ दोष शोधला नाही तर नवी बॅटरीही तशीच उतरते.

गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरने बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळाले तर ती भरलेली आहे. १२ च्या आसपास मिळाले तर जवळजवळ रिकामी. इंजिनला थोडी रेस दिल्यावर हा आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीतले पाणी उकळून आटणार. रेस देऊनही आकडा १२.५ च्या खालीच राहिला तर चार्जिंग होतच नाही.

पण म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नये. आधी पट्टा घसरतो आहे का ते पाहावे आणि मग दिवे लावून आकडा दोन ठिकाणी घ्यावा: अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या टोकावर आणि बॅटरीवर. अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर १३.४ आले, तर अल्टरनेटर निर्दोष आहे. मधली वीज गंजलेल्या थिंबलमध्ये, सैल जोडात किंवा अर्थच्या पट्टीत खर्ची पडते. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि अल्टरनेटरचे अंग यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थ खराब. चॅसिसवर रंग आणि गंज साठलेल्या जुन्या गाड्यांत हा दोष सर्रास आढळतो, आणि तो दूर करायला पॉलिश पेपर व पाना पुरतो.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागत नाही म्हणजे सारे ठीक, ही समजूत तर उलटीच आहे. अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून मिळतो. चावी फिरवताच दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. बल्ब उडाला असेल तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच होतो. ज्या गाडीत अँमीटर आहे तिथे काटा शून्याजवळ आला की घाबरण्याचे कारण नाही. बॅटरी भरत आली की तो तिथेच येतो.

गाडी चालताना लाल दिवा लागला तर ‘डिझेल आहे, चालत राहील’ म्हणून पुढे जाण्याची सवय घातक. यांत्रिक पंपाचे इंजिन विजेशिवायही चालू शकते, हे खरे. मात्र बऱ्याच डिझेल जीपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. पट्टा तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते आणि पेडल दगडासारखे होते. म्हैसमाळचा घाट उतरताना हे कळणे परवडणारे नाही. याच पंपाचे सील गळले तर तेल अल्टरनेटरमध्ये शिरून कार्बन ब्रश खराब करते. अशा वेळी नुसते ब्रश बदलून भागत नाही.

इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टोक काढून ‘टेस्ट’ करण्याची पद्धत डायनामोच्या काळातली. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज कित्येक पट उसळते आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो.

चार्जिंग ठीक असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर गळती शोधावी. सगळे बंद करून निगेटिव्ह तारेत मालिकेत अँमीटर जोडावा आणि तो जोडलेला असताना सेल्फ मारू नये. ०.२ अँपियर गळती ६० अँपियर-तासांची बॅटरी साधारण १२ दिवसांत रिकामी करते. एकेक फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर बॅटरीचे टोक सोडून अल्टरनेटरची जाड तार वेगळी करावी, तिचे टोक टेपने झाकावे आणि पुन्हा मोजावे. आता गळती थांबली तर डायोड फुटका आहे.